ड्रायव्हरची नशा-तपासणी आणि मालकाची जबाबदारी

मालाची गाडी निघण्यापूर्वी आपला व्यापारी काय काय पाहतो? गाठी मोजतो, बिल्टी आणि ई-वे बिल तपासतो, ताडपत्री नीट बांधली की नाही ते बघतो, भाड्याची घासाघीस करतो. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे तो माणूस त्या घडीला होशमध्ये आहे की नाही, हे पाहणे आपलेच काम आहे असे फार थोड्यांना वाटते. ते काम पोलिसांचे, अशी आपली समजूत आहे. अमेरिकेत ही समजूत कायद्यानेच मोडून काढली. मोठी गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरची दारू आणि अमली पदार्थांची तपासणी करवून घेणे ही तिथे मालकाची जबाबदारी आहे. पोलीस नंतर येतात.

परक्या मुलुखाचा कायदा आम्ही का अभ्यासावा, असे कोणी विचारील. आपल्यातील काही घरांची मुले आज तिथे ट्रक चालवतात आणि आणखी काहींचा तसा इरादा आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण जास्त मोठे आहे. आपल्या मुलाजिमाची तपासणी त्याची बेइज्जती न करता कशी करावी, हा सवाल भिवंडीच्या गोदामवाल्यापुढे आणि मालेगावच्या टेम्पोमालकापुढेही उभा आहे. त्याचे एक जवाब तिथल्या नियमांत तपशीलवार लिहिलेले आहे.

कायदा कशातून जन्माला आला

४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस या गावाजवळ एका मालवाहू कंपनीची इंजिने सिग्नल ओलांडून भरधाव प्रवासी गाडीच्या वाटेत आली. १६ माणसे मेली. इंजिन चालवणारा आणि त्याचा ब्रेकमन या दोघांनी गांजा ओढला होता, असे चौकशीत निघाले. त्यानंतर चार वर्षे चर्चा आणि वाद चालले. २८ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रुळावरून घसरली, पाच प्रवासी मेले, आणि तिचा चालक दारू प्यालेला होता. बरोबर दोन महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १९९१ ला, विमान, रेल्वे, बस आणि ट्रक या सगळ्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा कायदा झाला. ट्रकच्या धंद्यात ५० किंवा त्याहून जास्त ड्रायव्हर असलेल्या मालकांना तो १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला आणि लहान मालकांना १ जानेवारी १९९६ पासून. लहान म्हणून कोणाला सूट मिळाली नाही, फक्त एक वर्षाची मुदत मिळाली.

हा नियम कोणाला लागतो? ज्या गाडीचे भरलेले वजन २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११.८ टन किंवा त्याहून जास्त धरले जाते, जिच्यात ड्रायव्हर धरून १६ किंवा अधिक माणसे बसतात, किंवा जी फलक लावावा लागेल असा धोकादायक माल नेते, तिच्या ड्रायव्हरला खास व्यावसायिक लायसन्स लागते. असे लायसन्स लागणारा प्रत्येक ड्रायव्हर तपासणीखाली येतो. मालकाचा सख्खा भाऊ असला तरी येतो, आणि मालक स्वतः गाडी चालवत असेल तर तोही येतो.

येथे एक बारकी पण फार कामाची गोष्ट आहे. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे आणि जो स्वतःच तो चालवतो, त्याने स्वतःची तपासणी स्वतःच ठरवली तर तो एक तमाशाच होईल. म्हणून अशा माणसाला अनेक लहान मालकांच्या संघात नाव नोंदवावे लागते. सगळ्यांची नावे एकत्र होतात आणि त्यातून कोणाची पाळी आली ते संघ कळवतो. आपल्याकडे दोन-चार टेम्पो असलेले शेकडो मालक आहेत, पण अशा कामासाठी ते कधी एकत्र बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तपासणी केव्हा केव्हा होते

नोकरीवर घेताना पहिली तपासणी, तीही अमली पदार्थांची. तिचा निकाल साफ आल्याशिवाय नव्या ड्रायव्हरला सहसा गाडीवर बसवता येत नाही. नंतर वर्षभर अचानक निघणाऱ्या चिठ्ठीप्रमाणे तपासणी. अपघात झाल्यावर तपासणी. ठोस शक आल्यावर तपासणी. आणि एकदा नापास झालेला माणूस परत कामावर येताना व आल्यानंतरही तपासणी.

अपघाताचे नियम मुदतीने बांधलेले आहेत. माणूस दगावला असेल तर दोष कोणाचा हे न पाहता त्या ड्रायव्हरची तपासणी होते. कोणी जखमी होऊन त्याला दवाखान्यात हलवावे लागले, किंवा गाडी ओढून न्यावी लागली, तर ड्रायव्हरवर वाहतूक नियम मोडल्याचा ठपका पोलिसांनी ठेवला असेल तेव्हा होते. दारूची तपासणी दोन तासांत व्हावी. आठ तास उलटले तर तो प्रयत्न सोडून उशीर का झाला ते लिहून ठेवावे. अमली पदार्थांसाठी ३२ तासांची मुदत आहे. तपासणी होईपर्यंत किंवा आठ तास संपेपर्यंत ड्रायव्हरने दारूला हात लावायचा नाही. "अपघातानंतर घाबरून घेतली" ही सबब त्यामुळे चालत नाही.

दारूचे माप असे. १०० मिलिलिटर रक्तात ४० मिलिग्रॅम दारूइतके प्रमाण निघाले तर नियमभंग झाला. २० पासून ४० च्या आत निघाले तर नियमभंग धरत नाहीत, पण त्या ड्रायव्हरला २४ तास गाडीवर बसू देत नाहीत. कामावर येण्याआधीच्या चार तासांत प्यायची नाही, हे वेगळेच. तिथल्या बहुतेक राज्यांत सामान्य मोटारचालकाची हद्द ८० ची आहे. म्हणजे ज्याची रोजी गाडीवर चालते त्याच्यासाठी हद्द निम्मी ठेवली. अमली पदार्थांत सुरुवातीपासून पाच गट तपासले गेले: गांजा, कोकेन, अफूपासूनचे पदार्थ, अ‍ॅम्फेटामाइन जातीच्या जागवणाऱ्या गोळ्या, आणि पीसीपी नावाचे एक रसायन. २०१८ पासून अफूच्या गटात डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्याही आल्या. तिथल्या अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केला आहे, पण ही तपासणी केंद्राच्या नियमाने होते. राज्याची परवानगी दाखवून ड्रायव्हर सुटत नाही.

शक आणि तजस्सुस

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. आपल्या दीनमध्ये नशेची हुरमत सूरह माइदामध्ये आली आहे, त्यावर येथे लिहिण्याची गरज नाही. पण सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत बदगुमानी आणि तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या ऐबांचा पाठलाग करणे, यालाही मनाई आहे. मग मालकाने ड्रायव्हरच्या लघवीची बाटली भरून घेणे हा तजस्सुस नाही का? आमच्या ओळखीच्या काही दीनदार व्यापाऱ्यांनी हा सवाल मनापासून विचारला आहे. टाळाटाळीची सबब म्हणून तो उडवून देता येत नाही.

दीनी फतवा देण्याचे काम आलिमांचे आहे. आम्ही एवढेच सांगू शकतो की, अमेरिकन नियम बनवणाऱ्यांपुढे हा सवाल दुसऱ्या शब्दांत होता आणि त्यांनी मालकाचे हात कसे बांधले ते पाहण्यासारखे आहे. अचानक तपासणीसाठी कोणाला पाठवायचे हे मालकाच्या मर्जीवर नसते. सगळ्या ड्रायव्हरांची नावे एकत्र घालून, प्रत्येकाला दर वेळी सारखी संधी मिळेल अशा शास्त्रीय पद्धतीने नाव काढावे लागते. एकदा तपासलेल्याचे नाव पुढच्या वेळीही त्याच यादीत असते. २०२० पासून मालकाने वर्षात अमली पदार्थांच्या तपासण्या ड्रायव्हरांच्या सरासरी संख्येच्या निदान निम्म्या आणि दारूच्या निदान १० टक्के करायच्या, असे प्रमाण ठरले. ज्याच्याशी काल पगारावरून भांडण झाले त्यालाच आज पाठवले, असे येथे होऊ शकत नाही. चिठ्ठी निघाली म्हणजे आरोप झाला असेही कोणी म्हणत नाही, कारण चिठ्ठी सगळ्यांचीच निघते.

शकाची तपासणी वेगळी आहे. तिथे एकाच माणसाकडे बोट दाखवावे लागते, म्हणून अट आणखी कडक. ड्रायव्हरचे दिसणे, वागणे, बोलणे किंवा अंगाचा वास यांत त्या वेळी स्वतः पाहिलेली, शब्दांत नेमकी सांगता येईल अशी गोष्ट हवी. बाजारात कोणी कानात सांगितले, ते पुरत नाही. आणि पाहणारा वरिष्ठ शिकलेला हवा: दारूच्या खुणा ओळखण्याचे निदान ६० मिनिटांचे आणि अमली पदार्थांचे तितकेच शिक्षण त्याने घेतलेले असले पाहिजे. पाहिले ते लिहून त्याखाली सही करावी लागते. आपल्याकडे "त्याचे डोळे लाल होते" एवढ्यावर माणसाचा रोजगार जातो. रात्रभर घाटात गाडी चालवल्यावर डोळे कोणाचे लाल होत नाहीत?

याची दुसरी बाजूही तितकीच सख्त आहे. मालकाने स्वतः ड्रायव्हरला पिताना पाहिले, ड्रायव्हरने स्वतः कबूल केले, किंवा आधीच्या मालकाने कळवले, तर मालकाला माहिती होती असे कायदा धरतो. त्यानंतर त्याला गाडीवर बसवणे हा मालकाचाच गुन्हा ठरतो. "घेतो थोडी, पण गाडी झकास चालवतो" हे आपल्या ट्रान्सपोर्ट नगरात रोज ऐकू येणारे वाक्य तिथे कोणा मालकाने उच्चारले, तर ते त्याच्याच विरुद्ध सबूत होईल.

ड्रायव्हरची इज्जत कशी राखली

लघवीचा नमुना देताना साधारणपणे ड्रायव्हर एकटा असतो, आड असतो. नमुन्यात गडबड केल्याचा संशय असेल, किंवा नापास होऊन परत येणाऱ्याची तपासणी असेल, तेव्हाच समोर माणूस उभा राहतो आणि लघवीच्या बाबतीत तो त्याच जातीचा, म्हणजे पुरुषासाठी पुरुष आणि बाईसाठी बाई असावा लागतो. नमुना ४५ मिलिलिटर लागतो आणि ड्रायव्हरच्या समोरच दोन बाटल्यांत वाटून सीलबंद होतो, ३० एकीत आणि १५ दुसरीत. पहिलीचा निकाल विरुद्ध गेला तर ७२ तासांच्या आत ड्रायव्हर दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी करू शकतो. तिथे गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलांनी हा ७२ तासांचा आकडा पाठ करून ठेवावा.

प्रयोगशाळेचा कागद थेट मालकाच्या टेबलावर येत नाही. मध्ये एक डॉक्टर असतो, त्याला मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर म्हणतात. तो निकाल पाहतो, ड्रायव्हरशी स्वतः बोलतो, एखाद्या कायदेशीर औषधाने असे झाले का ते विचारतो, चिठ्ठी खरी असल्याची खात्री करतो आणि मगच मालकाला निकाल कळवतो. खोकल्याच्या औषधात कोडीन असते हे आपल्याला ठाऊक आहे. आणि खसखस? आपल्या घरात कोरम्यापासून शीरखुर्म्यापर्यंत खसखस पडते आणि ती अफूच्याच झाडाची. ती खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिनचा अंश दिसू शकतो. याच कारणाने १९९८ च्या अखेरीस अमेरिकेने अफूच्या तपासणीची हद्द एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. जेवणावरून माणूस अफीमबाज ठरू नये यासाठी एवढा मोठा देश आपला आकडा बदलतो, ही गोष्ट आम्हाला विचार करण्यासारखी वाटली.

रोजेदारासाठीही एक तपशील सांगण्यासारखा आहे. पुरेशी लघवी झाली नाही तर ड्रायव्हरला तीन तासांपर्यंत थांबवतात आणि त्या वेळात ४० औंस, म्हणजे सुमारे सव्वा लिटरपर्यंत पाणी पिण्यास सांगतात. पाणी पिण्यास नकार दिला म्हणून तपासणीला नकार दिला असे धरायचे नाही, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. मात्र तीन तासांनंतरही नमुना पुरा झाला नाही तर डॉक्टरकडे पाठवतात, आणि वैद्यकीय कारण निघाले नाही तर तो नकारच धरतात. तेव्हा रमजानमध्ये सहरीला पाणी भरपूर प्यालेले बरे. नकार देणे, मध्येच निघून जाणे किंवा बाटलीत काही मिसळणे याची शिक्षा नापास होण्याइतकीच आहे.

नापास झाल्यावर ड्रायव्हर ताबडतोब गाडीवरून उतरतो. त्याला नोकरीवर ठेवावे की काढावे हे मालकाने ठरवायचे. पण त्याला पुन्हा कुठेही मोठी गाडी चालवायची असेल तर नशामुक्तीच्या जाणकाराकडे जावे लागते, तो सांगेल तो इलाज किंवा शिक्षण पूर्ण करावे लागते, मग परतीची तपासणी साफ यावी लागते. त्यानंतरच्या पहिल्या १२ महिन्यांत निदान सहा वेळा, न सांगता, तपासणी होते आणि गरज वाटल्यास हा पाठपुरावा पाच वर्षांपर्यंत चालतो. वाट लांब आहे, पण दार उघडे आहे. तौबाचे दार खुले ठेवून चौकीदारही बसवला, असे म्हणा हवे तर.

पूर्वी लोक एका राज्यात नापास होऊन दुसऱ्या राज्यात नोकरी धरत. ६ जानेवारी २०२० पासून त्यावर सरकारी नोंदवही आली, तिला क्लिअरिंगहाउस म्हणतात. नवा ड्रायव्हर घेताना आणि पुढे वर्षातून एकदा मालकाने तिच्यात पाहिलेच पाहिजे. ड्रायव्हरच्या संमतीशिवाय मात्र त्याची पूर्ण नोंद मालकाला उघडता येत नाही. १८ नोव्हेंबर २०२४ पासून ज्याचे नाव त्या वहीत मनाई झालेला म्हणून आहे, त्याचे व्यावसायिक लायसन्सच राज्य सरकार काढून घेते.

घाई कोणाची?

जागवणाऱ्या गोळ्या ड्रायव्हर शौकासाठी घेत नाही. सकाळी आठला माल पोहोचला नाही तर भाडे कापू, असे सांगणारा आपल्यापैकीच कोणी असतो. अमेरिकेत मालट्रकच्या ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांतीनंतर ११ तासच गाडी चालवता येते, तेही १४ तासांच्या आत, आणि आठ तास गाडी चालवल्यावर अर्धा तास थांबावे लागते. हा नियम नशा-तपासणीच्या पुस्तकात नाही, वेगळ्या पुस्तकात आहे. पण आम्हाला दोन्ही एकाच गाठीचे तागे वाटतात. मालेगावचे कोरे कापड बालोत्रा-पालीला जाते. तिकडे एकट्या ड्रायव्हरला न थांबता पाठवायचे आणि मग त्याच्या खिशात डोडा सापडला म्हणून कानावर हात ठेवायचे, याला तिजारत म्हणत नाहीत.

आपल्याकडे आज काय करता येईल

आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा मालकावर अशा नियमित तपासणीची सक्ती करत नाही. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली तर गुन्हा आहे, म्हणजे माप अमेरिकन व्यावसायिक ड्रायव्हरच्या मापापेक्षाही कमी. अमली पदार्थासाठी मात्र आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असावा, एवढेच शब्द आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्याला दोन वर्षे आणि १५,००० पर्यंत. पण मालकाने कलम १८८ वाचावे. नशेत गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला जो साथ देईल त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा, असे ते आहे. जाणूनबुजून चावी देणाऱ्यापर्यंत हे कलम येऊ शकते.

विम्याचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीने नशेत गाडी चालवणे हा विमा कंपनीसाठी बचावाचा मुद्दा केला. जखमींचे किंवा वारसांचे पैसे कंपनीने आधी भरले तरी ते मालकाकडून वसूल करण्याचा दावा उभा राहू शकतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई तर ड्रायव्हर नशेत असेल तर पॉलिसीच्या अटींतच वगळलेली असते. आपली पॉलिसी आजच कपाटातून काढून तेवढे पान वाचून घ्यावे. इंग्रजी जमत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावे.

ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनी नेमणुकीच्या वेळीच तपासणीची अट लेखी ठेवावी, ड्रायव्हरला समजेल अशा भाषेत, आणि त्याची सही घ्यावी. श्वास तपासण्याचे यंत्र गोदामाच्या फाटकावर ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. ते सगळ्यांना लावावे, भाच्यालाही. एकदा विरुद्ध आकडा आला तर १५ मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला सांगावे. अमेरिकेतही खात्रीची तपासणी निदान १५ मिनिटांनीच होते, कारण तोंडात राहिलेल्या दारूच्या अंशाने किंवा तोंड धुण्याच्या औषधाने पहिला आकडा फसवू शकतो. लघवीच्या तपासणीसाठी मेडिकलमधल्या पट्टीवर निकाल लावू नये. प्रयोगशाळा आणि डॉक्टर यांच्यामार्फतच करावी आणि निकालाचा कागद मुनीमच्या खणात उघडा पडू देऊ नये.

भाड्याच्या गाड्या घेणाऱ्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर मुलाजिम नसतो, त्यामुळे तपासणीचा हक्क त्याच्याकडे नाही. पण ट्रान्सपोर्टवाल्याशी वर्षाचा करार करताना दोन ओळी त्यात घालता येतात: ड्रायव्हर नशेत आढळल्यास माल चढवला जाणार नाही आणि दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंतच्या उशिराचा खर्च ट्रान्सपोर्टवाल्याकडे राहील, आणि लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतील, ज्याचे जादा भाडे व्यापारी देईल. दुसरी ओळ घातल्याशिवाय पहिली कोणताही ट्रान्सपोर्टवाला मनापासून पाळणार नाही. हंगामात, ईद आणि दिवाळीच्या आधी, गाड्यांची टंचाई असते तेव्हा या ओळी कोणी मान्य करणार नाही. त्यामुळे करार पावसाळ्यात, धंदा थंड असताना करून घ्यावा.